शेवटचे पैसे कुठल्या सणाला आले?

शेलारबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला कचेरीतल्या खोलीबाहेर काढले तेव्हा. मी वडगाव निंबाळकरच्या आमच्या दूध संस्थेचा सचिव होऊन वर्षही झाले नव्हते. चार अक्षरे बरी लिहिता येतात, ठराव मांडता येतो, आभाराचे भाषण करता येते, एवढ्यावर मी स्वतःला बराच शहाणा समजत होतो. सणसरला माझी आत्या राहायची. तिचे यजमान जाऊन वर्ष झाले होते, मूलबाळ नव्हते. विधवा बायकांना सरकार दर महिन्याला काहीतरी देते असे तिच्या कानावर आले आणि ‘तू लिहिता-वाचता हाईस, तूच चल’ म्हणून तिने मला बरोबर घेतले. मी तिचा अर्ज लिहिला. अर्ज कसला, निबंधच होता तो. त्यात आत्याच्या डोळ्यांतले अश्रू होते, नियतीचा आघात होता आणि मायबाप सरकारला तीन वेळा हात जोडलेले होते.

तालुक्याच्या कचेरीत बाकावर आम्ही बसलो होतो. शिपायाने सवयीने पुकारा केला, ‘निराधारवाल्या आत चला.’ बाकावरच्या बायका उठल्या, आत्या उठेना. मी तिला हलवले तर ती म्हणाली, “मी न्हाय निराधार. माझा भाचा हाय की हितं बसल्याला.” आवाज तिने मुळीच बारीक केला नव्हता. आतल्या टेबलामागे बसलेल्या शेलारबाईंनी ते ऐकले. त्या खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या आणि साध्या आवाजात विचारले, “सणसरहून कोण आलंय?” तेव्हा आत्या उठली.

बाईंनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. पण हे तुमचं झालं. यांचं काय आहे ते मला यांच्याकडून ऐकायचंय. तुम्ही बाहेर बसा.” मी बाहेर बसलो. अर्ध्या तासाने आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सहा ओळींचा अर्ज होता आणि कोणते कागद कुठून आणायचे ते तिला तोंडपाठ झाले होते. पुढे तिची पेन्शन मंजूर झाली. तिच्याकडूनच कळले की त्या दिवसापासून त्या टेबलावर बायकांना गावाच्या नावाने बोलावू लागले. सणसरच्या कोण, लासुर्ण्याच्या कोण. ‘निराधार’ हा शब्द योजनेच्या कागदावर राहिला, पुकाऱ्यातून गेला.

नोकरीत असताना बाईंचे आणि माझे पुन्हा फारसे येणे-जाणे झाले नाही. सेवानिवृत्त झाल्यावर त्या यजमानांच्या गावी, म्हणजे आमच्या वडगावी राहायला आल्या. यजमान प्राथमिक शिक्षक होते. आता ते नाहीत. मुलगी पुण्याला असते, ती दर सुट्टीत आईला न्यायला येते आणि दर सुट्टीत एकटीच परत जाते. गावी आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात बाई दूध संस्थेत आल्या आणि मला म्हणाल्या, “सकाळचं संकलन झालं की तुमची पडवी मोकळी असते. मला तिथे एक बाक द्याल?” आपल्याला त्यांनी ओळखले नाही असे समजून मी आत्याची आठवण सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, “ओळखलंय. निबंधवाले.”

त्या बाकावर बाई गेली कित्येक वर्षे बसत आहेत. बाजारच्या दिवशी आणि सोमवारी, सकाळचे कॅन धुऊन झाले की दुपारपर्यंत. सरकारी मदतीचे नियम किती वेगाने बदलतात हे ज्याला दाखले काढावे लागतात त्यालाच ठाऊक. आज उत्पन्नाचा दाखला नवा लागतो, उद्या हयातीचा, परवा अंगठा पुन्हा द्यायचा, तेरवा मोबाइल आधारला जोडलेला हवा. माणसाचे हातावरचे काम बुडवून तालुक्याला जायचे आणि तिथे कळायचे की गेल्या महिन्यात चालणारा कागद या महिन्यात चालत नाही. अशा वेळी कुणी रागावते, कुणी दलालाला गाठते, आणि बहुतेक जण गप्प बसून पेन्शन सोडून देतात. बाईंचे सारे काम या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे.

त्यांची कामाची पद्धत मात्र पहिल्यांदा येणाऱ्याला खटकते. त्या कुणाचाही अर्ज भरून देत नाहीत. समोरच्याला लिहिता येत असेल तर त्याने लिहायचे, येत नसेल तर घरातले कुणीतरी लिहिणारे घेऊन यायचे. बाई शेजारी बसून सांगणार. अर्ज झाला की त्या म्हणणार, “आता हा कागद काय म्हणतो ते मला सांगा.” ते सांगता आल्याशिवाय सुटका नाही. आमचे एक माजी सरपंच स्वतःच्या आईच्या कामासाठी आले होते, त्यांनाही बाईंनी तीनदा सांगायला लावले. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. मी आत बसून हसू आवरत होतो, कारण त्यांनी आमच्या संस्थेचे एक काम वर्षभर अडवून ठेवले होते.

दुसरी पद्धत त्यांच्या प्रश्नाची. पेन्शन थांबली म्हणून कुणी आले की बाई तारीख विचारत नाहीत, महिना विचारत नाहीत. विचारतात, “शेवटचे पैसे कुठल्या सणाला आले?” आमच्या बायकांना मार्च-एप्रिल सांगता येत नाही, पण नागपंचमीच्या आधी आले की नंतर, हे बरोबर सांगता येते, कारण त्या पैशातून काय आणले ते ध्यानात असते. बाई ते एका वहीत लिहितात. नाव, गाव, सण. नवा शासन निर्णय आला की मुलीकडून छापून मागवतात, लाल पेन्सिलीने खुणा करत वाचतात आणि शेवटची जोडपत्रे आधी वाचतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “पुढच्या पानावर सरकार काय देणार ते असतं. कुणाला देणार नाही ते मागे असतं.”

बाई गोड बोलतात असा कुणाचा समज असेल तर तो त्याने त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासोबतच दूर करावा. मोबाइलवर फिरणारा निरोप दाखवून ‘बाई, पेन्शन दुप्पट झाली म्हणं’ असे कुणी म्हणाले, की ‘कोणी सही केलीय यावर?’ या प्रश्नाने त्या माणसाचे तोंड उतरवतात. काम झाल्यावर कुणी तुपाची बरणी आणली की ती आल्या पावली परत जाते. दिवाळीत एकाने गुपचूप त्यांच्या दारात साडी ठेवली, तर बाईंनी ती घेऊन त्याचे घर गाठले आणि त्याच्या बायकोला विचारले की ही तुमच्या पसंतीची आहे का. संस्थेचा चहा मात्र घेतात, तोही बिनसाखरेचा. साखर कारखान्याच्या मुलखात राहून बिनसाखरेचा चहा पिणारी माणसे आमच्याकडे थोडी आहेत.

त्या कधी चुकत नाहीत असेही नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांच्याबद्दलचा माझा आदर जिथे सगळ्यांत जास्त वाढला तो प्रसंग त्यांच्या चुकीचाच आहे. लोणी भापकरचे एक दिव्यांग गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. त्यांच्याकडे अपंगत्वाचा जुना दाखला होता. बाईंनी सांगितले, हा चालणार नाही, नवे ऑनलाइन कार्ड काढा आणि मगच अर्ज करा. कार्ड काढायला त्यांना चार-पाच हेलपाटे पडले. नंतर बाईंच्या वाचनात आले की कार्डासाठी मुदत वाढवून दिली होती आणि तोपर्यंत जुना दाखला चालणार होता. त्या गृहस्थांचे काही महिने उगाच गेले होते. त्यांना ते कधीच कळले नसते. बाई दुसऱ्या दिवशी एसटीने लोणी भापकरला गेल्या, फाट्यापासून चालत त्यांच्या घरी पोचल्या आणि त्यांच्या बायकोसमोर म्हणाल्या, “चूक माझी झाली. मी जुनं वाचून तुम्हाला सांगितलं.” त्या माउलीने काय करावे ते न सुचून चहा टाकला. तेव्हापासून बाई प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहितात की हा नियम आपण शेवटचा कधी पडताळला.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. या ग्रंथात लिहायला मी सत्कार समितीला आधी नाही म्हणालो होतो ते यासाठीच. शेलारबाईंवर लिहायचे तर हे लिहावे लागेल, आणि हे लिहायचे तर माझी अब्रू थोडी खाली येईल. पण बाईंच्या लोणी भापकरच्या फेरीनंतर मला गप्प बसायला जागा उरलेली नाही.

काही काळापूर्वी दुधाचे दर पडले तेव्हा सरकारने लिटरमागे अनुदान जाहीर केले. ते थेट उत्पादकाच्या आधारला जोडलेल्या खात्यात येणार होते. आमच्याकडे दुधाचे बिल ज्या बँकेत जमा होते तिथली बरीच खाती आधारला जोडलेली नव्हती. मी दिवाळी झाल्या झाल्या संस्थेतच शिबिर लावले. बँकेची माणसे बोलावली, मंडप घातला, चहा-पोहे ठेवले आणि एका दिवसात सगळ्या सभासदांचे अंगठे घेऊन टाकले. आमच्याकडे बऱ्याच घरांत संस्थेचे सभासदत्व घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या नावावर आहे. गाय मुलगा सांभाळतो, धार सून काढते, दुधाचे खाते सासूच्या नावाचे आणि एटीएमचे कार्ड मुलाच्या खिशात. त्यामुळे शिबिराला म्हाताऱ्याच जास्त आल्या होत्या. त्यांच्यासोबत मी काढलेला फोटो वर्तमानपत्राच्या तालुका पानावर आला.

संक्रांतीच्या सुमारास लोकांच्या दुधाच्या खात्यात जादा रक्कम जमा होऊ लागली. सगळ्या घरांत नाही, काही घरांत. अनुदान आले अशी गावात बातमी झाली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर संस्थेच्या दारात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी वीस मिनिटे भाषण केले. ज्यांच्या खात्यात काही आले नव्हते ते नंतर विचारायला आले, त्यांना मी सांगितले की तुमच्या कागदांत त्रुटी असणार.

त्याच दिवसांत बाईंच्या बाकावर म्हाताऱ्या येऊ लागल्या होत्या. एकेकटी यायची, पदराने तोंड पुसायची आणि हळूच म्हणायची की पेन्शन थांबली. बाई त्यांचा प्रश्न विचारायच्या. उत्तर एकच यायचे, “दिवाळीला आलं हुतं बघा. संक्रांतीला न्हाय.” बाईंच्या वहीत दिवाळी, दिवाळी, दिवाळी अशी रांग झाली. ज्यांच्या घरी जनावर नव्हते त्यांची पेन्शन मात्र संक्रांतीलाही आलेली होती. बाईंनी वही मिटली आणि पडवीतून आत माझ्या टेबलाशी आल्या.

“सचिव, अनुदान लिटरवर असतं ना?”

मी म्हणालो, “हो तर. जितकं दूध तितकं.”

“मग दोन गाईवाल्याला आणि दहा गाईवाल्याला सारखंच कसं आलं?”

बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि नवा नियम मला सांगितला. पेन्शनही आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येते. म्हातारीने पेन्शनसाठी दिलेले खाते कोणतेही असो, ज्या खात्याला आधार सगळ्यांत शेवटी जोडले, पैसे तिकडे जातात. शेवटचा अंगठा माझ्या मंडपात झाला होता. गावाने अनुदान म्हणून जे वाटून घेतले होते ती म्हाताऱ्यांची पेन्शन होती. खरे अनुदान अजून आलेलेच नव्हते.

मला काय वाटले ते इथे लिहून सांगता येणार नाही. शाल घरी खुंटीला होती. मी म्हणालो, “बाई, आजच देवळाच्या माइकवरून सांगतो.” बाई म्हणाल्या, “माइकवरून काही सांगायचं नाही. कुणाला पेन्शन आहे हे सगळ्या गावाला कशाला कळायला हवं? आणि घरात मुलगा-सुना ऐकतील, म्हातारी ऐकेल, भांडण तिच्या अंगावर येईल. घरोघर जायचं. तुम्ही सांगायचं. मी बरोबर येते.” तुमच्यामुळे झाले, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तुम्ही सांगायचं, एवढेच म्हणाल्या.

आम्ही फिरलो. बहुतेक घरांत मान खाली घालून ऐकले गेले आणि काम मार्गी लागले. एक घर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मळ्यातल्या हौसाबाईंचे. त्या तेव्हा सत्तरीच्या आत-बाहेर असतील. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा संपत, सून, दोन गाई आणि जिराईत तुकडा. लेक पणदऱ्याला दिलेली. गंमत म्हणजे पेन्शन थांबल्यावर हौसाबाई बाईंच्या बाकावर आल्याच नव्हत्या. बाईंच्या जुन्या वहीत त्यांचे नाव होते म्हणून आम्ही गेलो.

गोठ्याच्या कडेला हौसाबाई गाईंना घालायच्या कडवळाच्या पेंढ्या सोडत बसल्या होत्या. मी संपतला सगळे सांगितले. चूक माझ्या शिबिरामुळे झाली हेही सांगितले. संपत वाईट माणूस नाही. आईला वेळेवर दवाखान्यात नेणारा आहे. त्याने ऐकून घेतले, हसला आणि म्हणाला, “आण्णा, एवढ्यासाठी आलाय व्हय? घरातच येतंय न्हवं? हिकडून आलं काय आन् तिकडून आलं काय. ऱ्हाऊ द्या की तसंच.”

बोलणे चुकीचे होते असे मला त्या क्षणी वाटलेही नाही. मी ‘तेही खरंच’ म्हणणार होतो. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग पेंडीच्या पोत्यावर बसून त्या हौसाबाईंना म्हणाल्या, “हौसाबाई, पेन्शन तुमच्या नावची आहे. तुमचं काय म्हणणं?”

हौसाबाई कडवळाची पेंढी सोडत राहिल्या. सून दारात येऊन उभी राहिली. बाईंनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही, सोपा करून सांगितला नाही, नुसत्या बसून राहिल्या. मला ते सहन होईना. शेवटी हौसाबाई खाली बघतच बोलल्या.

“मला म्हाईत हुतं, बाई. अंगठा दिला त्या दिसापास्नं माझं येईना आन् ह्येचं यायला लागलं. म्हनलं, माझं जाऊन पोराला मिळत आसंल तर कशाला बोला. मी बोलले तर त्येचंबी बंद व्हायचं.”

संपतचे हसू गेले. “आये, मला काय म्हाईत? मला वाटलं अनुदान हाय.”

“तुला कशाला म्हाईत आसंल. तुज्यावर राग न्हाय माझा.” मग त्या बाईंकडे वळल्या. “पर बाई, लेकीच्या पोरीच्या बारशाला न्हाय गेले मी. गुडघ्याचं नाव सांगितलं. झबलं न्हाय, टोपडं न्हाय, रिकाम्या हातानं तिच्या सासरच्या दारात कशी जाऊ?”

“मागायचं की माझ्याकडं,” संपत म्हणाला.

“त्येच नगं वाटतं,” हौसाबाई म्हणाल्या.

मी आयुष्यभर ठराव लिहिले, अहवाल लिहिले, पेन्शन कशासाठी असते हे मला तोवर कळले नव्हते. दोन वेळचे जेवण संपत घालतच होता. पण म्हातारपणी कुणापुढे हात न पसरता लेकीच्या दारात उभे राहता येणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती माझ्या एका दिवसाच्या मंडपाने हौसाबाईंकडून काढून घेतली होती. मी तिथेच त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तू काय मुद्दाम केलं व्हय?”

बाईंनी मग पुढची अडचण समजावली. आधार एकाच खात्याला जोडलेले राहते. ते हौसाबाईंच्या पेन्शनच्या खात्याला पुन्हा जोडले तर उद्या दुधाचे खरे अनुदानही तिकडेच येईल. तेव्हा एक तर दोन्ही आईच्या हातात, नाहीतर दुधाचे सभासदत्व संपतच्या नावावर. बाईंनी विचारले, “काय करायचं ते तुम्ही सांगा.” या वेळी हौसाबाईंना वेळ लागला नाही. “गाई त्यो सांभाळतो. गाईचं त्येला. माझं माझ्या पुस्तकावर आणा.”

संपत उठला, आत जाऊन आईचे पेन्शनचे बँकेचे पुस्तक घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवले. तोवर जमा झालेले त्याने पुढच्या दुधाच्या बिलांतून तिला देऊन टाकले. सभासदत्व बदलण्याचा ठराव मी त्याच आठवड्यात संचालकांपुढे मांडला. ज्या घरांत बायांना दुधाचे खाते आपल्याच नावावर हवे होते तिथे तसेच ठेवले आणि दोन्ही पैसे त्यांच्याच हातात जातील अशी व्यवस्था केली. बँकेत जायच्या दिवशी बाई हौसाबाईंसोबत होत्या, पण खिडकीपासून दोन पावले मागे. काय हवे ते हौसाबाईंनीच सांगितले. आतल्या माणसाला एकदा सांगून कळले नाही, तर त्यांनी न घाबरता पुन्हा सांगितले.

मी नंतर ती शाल घेऊन बाईंच्या घरी गेलो. ही परत करायची आहे, कुणाला देऊ ते सांगा, असे म्हणालो. बाई म्हणाल्या, “शालीने काय केलंय? थंडी आहे, पांघरा.” आणि अनुदान न मिळालेल्या ज्या घरांना मी ‘तुमच्या कागदांत त्रुटी’ असे सांगितले होते, त्यांची यादी मागितली. तीही घरे मला पुन्हा फिरावी लागली.

पाडव्याच्या सकाळी हौसाबाई मला एसटीच्या थांब्यावर दिसल्या. अंगावर इस्त्रीचे लुगडे, हातात पिशवी, पिशवीतून साखरेच्या गाठीचा रंगीत कागद वर आलेला. मी कुठे म्हणून विचारले. “पणदऱ्याला,” त्या म्हणाल्या आणि बस येताना दिसली म्हणून पुढे झाल्या. चढताना त्यांचा गुडघा खरोखरच दुखत होता. कंडक्टरने हात दिला तो त्यांनी घेतला. तिकिटाचे पैसे आधीच मुठीत तयार होते.

शेलारबाईंच्या कामाचा हिशेब मांडायला मी बसलो असतो तर मला जमले नसते आणि त्यांना आवडलेही नसते. त्यांनी कुणाला काही दिले नाही, आणि देण्याचा आवही आणला नाही. जे ज्याचे होते ते त्याला मागता यावे, समजून मागता यावे, यासाठी त्या ठरल्या दिवशी न चुकता त्या बाकावर येतात. त्यांच्याजवळ उठबस करून मी एक गोष्ट शिकलो आहे. कुणाचे भले करायला धावण्याआधी त्याला विचारावे. मला ती उशिरा आणि थोडी लाजिरवाण्या रीतीने शिकायला मिळाली, पण बाईंनी शिकवताना मला खाली बघायला लावले नाही. याबद्दल मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे.

लेखाचा शेवट कसा करावा ते सुचेना. शतायुषी व्हा, आरोग्य लाभो, हे मी इतक्या सत्कारांत इतक्या जणांना म्हटले आहे की बाईंना तेच म्हणायला जीभ वळेना. म्हणून परवा मळ्यात गेलो आणि हौसाबाईंना विचारले, “बाईंचा पंच्याहत्तरीचा सत्कार आहे, पुस्तक निघणार आहे, तुमच्याकडून काय लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “लिही, म्हणावं, तब्बेतीला जपा. उनाचं फिरू नगा, जेवान टायमाला करा. सरकार काय गप बसतंय व्हय? आजून लई नियम बदलतील. तवर बाईंनी ऱ्हायला पायजे.”

बाई, आमच्या सगळ्यांचे मागणे तेच आहे.